नेरूळ–उरण रेल्वेमार्ग

नेरूळ–उरण रेल्वेमार्ग हा मध्य रेल्वेच्या अखत्यारीतील मुंबई उपनगरी रेल्वेचा एक मार्ग असून तो रायगड जिल्ह्यातील उरण हे समुद्रकाठचे शहर नवी मुंबईशी जोडतो. हार्बर मार्गावरील नेरूळ व बेलापूर या दोन स्थानकांतून त्याचे फाटे निघतात आणि तरघरच्या अलीकडे एकत्र येतात. मार्गाची लांबी सुमारे २७ किमी आहे.

पार्श्वभूमी

उरण मुंबईला पाण्याने जवळ, परंतु जमिनीने दूर आहे. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँच चालते. मात्र बंदरात साचणाऱ्या गाळामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी ती खंडित होते. रस्त्याने जाणाऱ्यांना कंटेनर वाहतुकीच्या कोंडीतून वाट काढावी लागते.

ही कोंडी ज्या विकासातून उद्भवली, त्यासाठी जमिनी याच परिसरातील शेतकऱ्यांच्या गेल्या. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले. त्यातील पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याच्या योजनेचे मूळ या लढ्यात आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पनवेलहून जासईमार्गे मालगाड्या बंदरात जाऊ लागल्या. उरणपर्यंत लोकल पोहोचण्यास मात्र आणखी जवळजवळ ३५ वर्षे लागली.

उभारणी

प्रकल्पास १९९६-९७ मध्ये मंजुरी मिळाली. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा व ३३ टक्के रेल्वेचा ठरला. भूसंपादन, खारफुटी आणि वनजमिनीच्या परवानग्यांत काम रेंगाळले. नेरूळ/बेलापूर ते खारकोपर हा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी, तर खारकोपर ते उरण हा १४.३ किमीचा दुसरा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. अटल सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले.

स्थानके व सेवा

नेरूळहून निघालेली गाडी सीवूड्स-दारावे येथे थांबून पुढे जाते. दोन्ही फाटे मिळाल्यानंतर तरघर, बामणडोंगरी, खारकोपर, गव्हाण, शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी आणि उरण ही स्थानके लागतात. तरघर व गव्हाण येथे सुरुवातीला गाड्या थांबत नसत. शेमटीखारसाठी रांजणपाडा हे नावही वापरात होते. ज्यांच्या जमिनीवर स्थानके उभी राहिली त्या गावांची नावे त्यांना द्यावीत, अशी स्थानिकांची मागणी राहिली आहे. द्रोणागिरीऐवजी बोकडवीरा हे त्याचे एक उदाहरण.

पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा दिवसाला दोन्ही दिशांना मिळून ४० फेऱ्या होत्या. इतर उपनगरी मार्गांच्या तुलनेत ही संख्या फारच कमी असल्याने एक गाडी चुकल्यास दीर्घ प्रतीक्षा करावी लागे. मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशांना नेरूळ किंवा बेलापूर येथे गाडी बदलावी लागते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळालगत असल्याने तरघर स्थानकाला आता विशेष महत्त्व आले आहे.