भाषण कापा, निर्णय कापू नका

काही दिवसांपूर्वी चळवळीतल्या एका तरुण मित्राने आपली कथा वाचायला दिली. यात्रेची वर्गणी मागायला पाटलाचा पोरगा वस्तीत येतो आणि वस्तीतला एक जण त्याच्याकडे मागच्या वर्षीचा हिशेब मागतो, एवढीच गोष्ट. एका दिवाळी अंकाकडून ती परत आली होती. संपादक फोनवर म्हणाले होते, "भाषा चांगली आहे, पण तुमचा नायक फार बोलतो. त्याला जरा सोशिक करा. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मित्राने मला विचारले, "दादा, करू का बदल?"

हो किंवा नाही एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. आमचा माणूस कथेत घ्यायला आता कुणाची ना नाही. अट एवढीच असते की त्याने सोसावे, रडावे, मरावे. त्याने काही ठरवू नये. ही अट आजची नाही. तिला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि लिहू पाहणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला तो माहीत असलाच पाहिजे.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करू. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला लुबाडतो. आता हे नाटक इथेच संपले असते तर ती एक करुण कहाणी झाली असती. पण जोतीरावांचे कुणबी नवराबायको फसवणूक ओळखतात आणि रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात. शेवटचा शब्द जोशाचा नाही, त्या जोडप्याच्या निर्णयाचा आहे. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. पेशव्यांच्या काळात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग इंग्रजांनी मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वळवला होता, त्याची ही कमिटी. तिने नाटक नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे खुद्द जोतीरावांनी नोंदवले आहे. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे सव्वाशे वर्षे!

त्याच १८५५ साली, त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. चौदा-पंधरा वर्षांची पोर थेट धर्मालाच जाब विचारते. आमची माणसे बोलत नव्हती, असे म्हणायची सोय त्या निबंधाने तेव्हाच संपवली. बोलत होती. प्रश्न छापणाऱ्यांचा होता.

म्हणूनच १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांकडून ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी जायचे नाकारले. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, आमचे आम्ही पाहून घेऊ, असा त्या पत्राचा आशय. कोण लिहितो याइतकाच कोण निवडतो, कोण कापतो, कोण छापतो हाही प्रश्न असतो, हे मराठीत पहिल्यांदा जोतीरावांनी ठणकावून सांगितले.

कापण्याचाच विषय निघाला आहे तर महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण पाहू. १९३५ साली मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही इंग्रजी कादंबरी आली. पंजाबातल्या एका गावातला बखा हा सफाईचे काम करणारा तरुण आणि त्याच्या आयुष्यातला एक दिवस. एकोणीस प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. त्याआधी आनंद साबरमती आश्रमात हस्तलिखित घेऊन गेले होते. आनंदांनीच पुढे सांगितले आहे की गांधींना बखाची भाषा खटकली. सफाई कामगाराचा पोर असा विलायती पंडितासारखा बोलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आनंदांनी शंभरावर पाने कमी केली.

खरे सांगायचे तर भाषेपुरता हा सल्ला चुकीचा नव्हता. लेखकाची विद्वत्ता पात्राच्या तोंडात कोंबली की पात्र मरते. पण कादंबरीच्या शेवटाला बखापुढे कोणते मार्ग येतात ते पाहा: एक ख्रिस्ती मिशनरी, एक गांधींचे भाषण आणि मैला हातांनी उचलावा लागू नये म्हणून येणारे पाण्याचे संडास. बस्स! १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला होता. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरासाठी लढा चालू होता. गोलमेज परिषदा झाल्या होत्या, १९३२ चा पुणे करार झाला होता. महाराष्ट्र दूर आहे म्हणावे, तर खुद्द पंजाबात मंगूराम यांची आद धर्म चळवळ १९२६ पासून उभी होती आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म 'आद धर्म' असा नोंदवला होता. या सगळ्यातले काहीच बखाच्या कानावर पडत नाही. आंबेडकरांना गांधींनी वगळायला लावले, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. मी एवढेच म्हणतो की बखाला तीन मार्ग ऐकवले गेले आणि तिन्ही दुसऱ्यांनी आणलेले होते. त्याच्याच माणसांनी काढलेला चौथा मार्ग कादंबरीत आलाच नाही. आनंद दुष्ट नव्हते. पुढे १९९२ मध्ये एलिनॉर झेलियट यांच्यासोबत त्यांनीच दलित साहित्याचे इंग्रजी संकलन संपादित केले. सहानुभूती खरी असूनही नजर किती तोकडी पडते, ते यावरून कळावे.

मराठीतही तेच घडले. श्री. म. माटे यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवले. लोक त्यांना 'महार माटे' म्हणत. त्यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ साली आले. उपेक्षित माणूस त्यांनी मराठी कथेत सन्मानाने आणला, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण 'उपेक्षित' या शब्दातच पाहणारा वेगळा आणि पाहिला जाणारा वेगळा. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याचीही एक नजर असते, ती कुठे आहे?

ती नजर घेऊन अण्णाभाऊ साठे आले. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन करताना अण्णाभाऊंनी सांगितले की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. दुष्काळात माणसे उपाशी मरताना फकिरा कुणाच्या दयेची वाट पाहत नाही. तो धान्य लुटतो, खजिना लुटतो आणि वाटतो. इंग्रजांच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यातला एक जण इथे नायक झाला. आणि याच कादंबरीत विष्णुपंत कुलकर्णी हे पात्र माणूस म्हणून उभे राहते. आपला नायक मोठा करण्यासाठी समोरच्याला पुठ्ठ्याचा राक्षस करायची गरज अण्णाभाऊंना पडली नाही.

१९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि घर मिळावे म्हणून जात लपवतो. तिथेच काशिनाथ नावाचा दुसरा तरुण आहे. तो जात लपवत नाही, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेतो. जात एक, काम एक, पण निर्णय दोन! दलित पात्र एकाच साच्याचे असते, ही समजूत या एका कथेने मोडली. पुढे गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'सारखी नियतकालिके उभी राहिली आणि १८८५ साली जोतीरावांनी मांडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले: संपादकही आपलाच.

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. आपल्या कथांतली बाई बराच काळ सोसणारी आई किंवा अब्रू लुटली गेलेली बहीण एवढीच राहिली. म्हणजे जे सवर्ण लेखकांनी आपल्याशी केले तेच आपण आपल्या बायकांशी केले. ऊर्मिला पवारांनी ही चौकट मोडली. त्यांच्या 'कवच' कथेतली आई आंबे विकते, पुरुष द्व्यर्थी बोलतात, शाळकरी पोराला लाज वाटते. त्या बाईला वाचवायला कुणी वीर येत नाही. तिची हजरजबाबी जीभच तिचे कवच आहे. याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ज्याला आपल्या आजीवर कथा लिहायची आहे त्याने आधी हे पुस्तक वाचावे.

आता या इतिहासातून लिहिणाऱ्यांनी काय घ्यायचे? कथेचा पहिला खर्डा झाला की स्वतःला चार प्रश्न विचारा.

एक, माझे पात्र कथेत किमान एक गोष्ट स्वतः ठरवते का? निर्णय चुकला तरी चालेल, पण तो त्याचा असावा.

दोन, वस्तीतली दोन माणसे माझ्या कथेत वेगळा विचार करतात का? की सगळे एकाच सुरात बोलतात?

तीन, माझ्याही मागे कुणी उभे आहे का? बौद्ध लेखकाच्या कथेत मातंग, ढोर, भटके-विमुक्त कसे येतात? बाई कशी येते? ज्या समाजाबद्दल लिहिले त्यातल्या माणसाला खर्डा वाचून दाखवा आणि गप्प बसून ऐका.

चार, कापताना मी काय कापतो आहे? लेखकाचे भाषण, पोस्टरवरच्या घोषणा, वाचकाला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगणे, हे सगळे निर्दयपणे कापा. बाबासाहेबांचे विचार पात्राच्या तोंडी दोन पाने घातल्याने कथा आंबेडकरवादी होत नाही. पात्र वागते कसे, यावरून ती होते.

त्या मित्राची कथा आम्ही दोघांनी पुन्हा वाचली. त्याचा नायक खरोखरच फार बोलत होता. हिशेब मागून झाल्यावर तो राज्यघटनेवर दीड पान ऐकवत होता. ते दीड पान मित्राने स्वतःच्या हाताने कापले. त्या अर्थाने संपादकांचे अर्धे बरोबर होते. पण हिशेबाचा प्रश्न तसाच ठेवला, आणि पाटलाचा पोरगा निघून गेल्यावर वहीत 'वर्गणी बाकी' असे लिहून ठेवणारी नायकाची बायकोही ठेवली. सोशिक कुणालाच केले नाही.

कथा आता दुसऱ्या अंकाकडे गेली आहे. तिथूनही परत आली तर तिसऱ्याकडे जाईल. 'तृतीय रत्न' सव्वाशे वर्षे थांबले होते. आपल्याला तेवढे थांबायचे नाही.

जय भीम!