दर्यावरचे डोळे

सेक्स्टंट पेटीतून काढला की पहिलं बोट रंगीत काचांवर जायला हवं. हा धडा मी 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकलो आणि पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक कॅडेटला तोच पहिला दिला. दुर्बिणीला डोळा लावण्याआधी काचा आड घ्यायच्या. सगळ्यात गडद काच आधी, मग गरजेप्रमाणे एकेक बाजूला सारायची. हा क्रम चुकला तर दुर्बिणीने गोळा केलेला सूर्य थेट डोळ्याच्या पडद्यावर उतरतो. त्या क्षणी काही दुखत नाही, कारण पडद्याला वेदना कळतच नाही. काही तासांनी नजरेच्या बरोबर मध्यावर काळा डाग दिसायला लागतो आणि तो भरून येईलच असा भरवसा कुठलाही डॉक्टर देत नाही.

काच आड असली म्हणजे सूर्य शांत, हिरवट किंवा तांबूस चकतीसारखा दिसतो. सेक्स्टंटचा दांडा सरकवत ती चकती हळूहळू खाली आणायची, क्षितिजापाशी आली की यंत्र किंचित डावीउजवीकडे झुलवायचं आणि चकतीची खालची कड पाण्याच्या रेषेला नुसती टेकली की थांबायचं. दुपारी बाराच्या सुमारास ब्रिजवर हे करताना डोळा निर्धास्त असतो. हा निर्धास्तपणा मिळवायला दर्यावर्दी जगाला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली.

आपल्या अरबी समुद्रातल्या जुन्या वाटाड्यांपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. ते रात्री ताऱ्यांची उंची मोजत. त्यांचं साधन 'कमाल', म्हणजे लाकडाची चौकोनी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली, गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळी पुढे न्यायची, तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला लागली की कितवी गाठ दातात आली ते बघायचं. ध्रुवतारा क्षितिजावर जितके अंश वर, साधारण तितकेच आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला. कोकणपट्टीवर तो सोळा ते एकोणीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे फळीच्या सहज आवाक्यात. अक्षांश ताऱ्यावरून कळत असेल तर सूर्याकडे डोळे लावायची गरज काय?

गरज पडली ती पोर्तुगीजांना. आफ्रिकेच्या कडेकडेने दक्षिणेला जाताना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी विषुववृत्त ओलांडलं आणि ध्रुव पाण्याखाली गेला. मग उरला सूर्य. राजा जुआंव दुसरा याच्या पदरी असलेल्या ज्योतिषी मंडळींनी सूर्याच्या रोजच्या स्थानाचे तक्ते खलाशांना वापरता येतील असे करून दिले आणि हाती पितळी अॅस्ट्रोलेब आला. या अॅस्ट्रोलेबचं मला फार कौतुक आहे. तो अंगठ्याला अडकवून कमरेपाशी लोंबकळत धरायचा. वरच्या पट्टीच्या भोकातून आलेला सूर्यकिरण खालच्या पट्टीच्या भोकावर पडेपर्यंत मधली पट्टी फिरवायची. मापणाऱ्याची नजर खाली, किरणाच्या ठिपक्यावर. सूर्याकडे बघायचंच नाही.

वास्को द गामाचा मामा विसेंत सोद्रे याचं जहाज १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळच्या बेटांपाशी बुडालं. त्या अवशेषांत २०१४ मध्ये एक झिजलेली धातूची चकती सापडली, व्यास साडेसतरा सेंटिमीटर, एका बाजूला पोर्तुगालचं राजचिन्ह. ती नुसती शोभेची तबकडी आहे की यंत्र, हे कळत नव्हतं. वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी लेझरने तिचा पृष्ठभाग तपासला तेव्हा कडेला दर पाच अंशांवर कोरलेल्या रेघा दिसल्या. हिंदुस्थानच्या वाटेवर निघालेल्या कुणीतरी त्या रेघांवर सूर्य मोजला असणार, मान खाली घालून.

हलत्या डेकवर अॅस्ट्रोलेब मात्र डोलायचा. माप चुकायचं, आणि एक अंश चुकला म्हणजे साठ सागरी मैल चुकले. म्हणून क्रॉसस्टाफ आला. लांब काठी, तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. काठीचं टोक डोळ्याखालच्या हाडाला टेकवायचं आणि एकाच वेळी पट्टीच्या खालच्या टोकाशी क्षितिज, वरच्या टोकाशी सूर्य बघायचा. माप सुधारलं आणि त्याची किंमत डोळ्यांनी मोजली. पट्टीच्या टोकाला काजळी धरलेली काच लावत, सूर्य पट्टीमागे जेमतेम झाकून घेत, पण बघायचं शेवटी त्याच्याकडेच होतं. रोज, भर दुपारी, वर्षानुवर्षं.

यातून वाट काढली जॉन डेव्हिस या इंग्रज कप्तानाने. १५८५ ते १५८७ या काळात त्याने कॅनडाच्या वर, बर्फाच्या समुद्रात तीन सफरी केल्या होत्या. बर्फावरून उसळणारा उजेड डोळ्यांचं काय करतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. १५९५ च्या आपल्या पुस्तकात त्याने जे साधन सांगितलं त्यात माणूस सूर्याकडे पाठ करून उभा राहतो. सूर्य त्याच्या खांद्यामागून पट्टीची सावली पुढच्या फळीवर टाकतो. फळीला बारीक फट असते, फटीतून क्षितिज दिसतं. सावलीची कड फटीवर आली की माप झालं. बॅकस्टाफ म्हणतात तो हाच. इतकी साधी युक्ती, पण त्यामागे डोळ्यांची कणव आहे असं मला नेहमी वाटतं. पुढे हाच डेव्हिस पूर्वेकडच्या समुद्रात आला आणि १६०५ मध्ये सिंगापूरजवळच्या पाण्यात चाच्यांच्या हातून मारला गेला.

सूर्याशी खेळ किती महागात पडतो हे न्यूटनने स्वतःच्या डोळ्यावर भोगलं होतं. तरुणपणी त्याने आरशातलं सूर्याचं प्रतिबिंब उजव्या डोळ्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढे कुठेही नजर टाकली की सूर्यच दिसे. तीन दिवस तो अंधाऱ्या खोलीत कोंडून बसला तेव्हा कुठे नजर ताळ्यावर यायला लागली. हे त्याने १६९१ मध्ये लॉक या तत्त्वज्ञाला पत्रातून कळवलं. याच न्यूटनने दोन आरशांनी आकाशातली वस्तू क्षितिजाशी जुळवणाऱ्या यंत्राचं वर्णन खगोलज्ञ हॅलीला पाठवलं होतं. ते हॅलीच्या कागदांत पडून राहिलं आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७४२ मध्ये सापडलं. तोवर जॉन हॅडलीने स्वतंत्रपणे तसंच यंत्र, ऑक्टंट, करून १७३१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. त्या ऑक्टंटवरच्या लालहिरव्या काचा आजच्या सेक्स्टंटवरच्या काचांच्या पणज्या म्हणायच्या. या काचा घासणं सोपं काम नव्हे. दोन्ही बाजू तंतोतंत समांतर नसतील तर किरण वाकतो आणि जहाज नकाशावर भलतीकडे दिसतं. म्हणून काचेगणिक चूक तपासून तिची नोंद ठेवावी लागे.

इथवरचा इतिहास नौकानयनाच्या पुस्तकांत मिळतो. पण ही सगळी हिकमत अधिकाऱ्याच्या दुपारच्या काही मिनिटांसाठी होती. सुकाणू धरून चार तास उभा असणारा, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा, शीड सोडवणारा खलाशी यांच्या डोळ्यांसाठी त्या शतकांत कुणी काच घासली नाही. सूर्य मोजणाऱ्या डोळ्याची काळजी घेतली गेली, पहारा देणाऱ्या डोळ्याची नाही. मला हे लागतं, कारण तो दुसरा डोळा माझ्या घरातला आहे.

माझे चुलत आजोबा, आमचे आबा, पडावावर तांडेल होते. मंगळुरी कौलं, मीठ, कधी सुकी मासळी घेऊन किनाऱ्याने मुंबईपर्यंत जायचं. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा धरायचा. मुंबईकडे जाताना उतरता सूर्य डाव्या हाताला, परतताना उजव्या. डोक्याला मुंडासं असे, पण कपाळापुढे सावली धरणारा काठ नव्हता. सावली म्हणजे हाताचा पंजा. आम्ही पोरं होडीत बसलो की आबा सांगत, "डोळे बारीक करून बघायचं रे, टक्क उघडून नाय." त्यांचे स्वतःचे दोन्ही डोळे कायम लाल. नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी मांसाचा त्रिकोण निघून बुबुळावर चढलेला होता, त्यात बारीक शिरा दिसत. वडस. गावात समुद्रावर जाणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना ते होतं आणि ते वयाबरोबर येतंच असं सगळे धरून चालले होते.

वडस आपल्या वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याला 'अर्म' म्हटलंय, पाच प्रकार सांगितलेत आणि शस्त्रक्रियाही. सैंधवाची पूड टाकून ते सैल करायचं, आकड्याने उचलायचं, मंडलाग्र शस्त्राने कापायचं आणि हे करताना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला, कनीनिकेला, इजा होऊ द्यायची नाही. आबांनीही एकदा कापून घेतलं होतं. ते परत वाढलं. नुसतं कापलं की वडस पुष्कळदा परत येतं. कापलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पातळ पापुद्रा लावायची पद्धत १९८५ नंतर रुळली तेव्हा ते परत येण्याचं प्रमाण कमी झालं.

ऊन एकटं हे करत नाही. वारा डोळ्यावरचं अश्रूंचं पातळ आवरण उडवून नेतो. तुषारांतलं मीठ त्यावर बसतं. अश्रूंत मिठाचं प्रमाण शेकडा एकाच्याही आत, समुद्राच्या पाण्यात साडेतीन. त्यामुळे ते पाणी डोळ्यात गेलं की आहे तो ओलावाही ओढून घेतं, माणूस खारट हातानेच डोळा चोळतो आणि जळजळ वाढते. गोड्या पाण्याने डोळे धुणं हा खरा उपाय, पण शिडाच्या जहाजावर गोडं पाणी पिण्यापुरतंही मापून मिळायचं.

तरी माणसं स्वस्थ बसली नाहीत. अरबी किनाऱ्यावरचे पुरुष सुरमा घालत आले. तो उजेडाचा झगमगाट थोडा कमी करत असेलही, पण त्यात बहुतेकदा शिसं असतं, म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही. सगळ्यात देखणा उपाय मला अलास्काच्या नैऋत्येकडच्या अल्यूशियन बेटांवरच्या शिकाऱ्यांचा वाटतो. चामड्याच्या निमुळत्या होडीतून समुद्रसिंहाची शिकार करणारे हे लोक. बेटांवर झाडं नाहीत, म्हणून वाहून आलेलं लाकूड पातळ तासून, वाफवून, वाकवून ते लांब चोचीसारखा काठ असलेली टोपी करत, रंगवत आणि समुद्रसिंहाच्या मिशांनी सजवत. ऊन, पाण्यावरची तिरीप आणि तुषार, तिन्ही एका काठाने अडत. इंग्रज दर्यासंशोधक कुकच्या जहाजावरचा चित्रकार जॉन वेबर याने १७७८ मध्ये असा काठ घातलेल्या माणसाचं चित्र काढून ठेवलंय.

त्याच कुकच्या देशातल्या आगबोटींचे ब्रिज मात्र विसाव्या शतकातही उघडे होते. वाऱ्याला आड म्हणून कठड्यावर ताडपत्री ताणत, तिच्यावरून डोकं काढून अधिकारी पहारा देई. काचेची बंद खोली हळूहळू आली.

पुरावा तर आणखी उशिरा आला. अमेरिकेत चेसापीक उपसागरात खेकडे आणि कालवं पकडणाऱ्या ८३८ दर्यावर्दींचे डोळे ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. प्रत्येकाने आयुष्यात किती वर्षं, कुठल्या ऋतूत, टोपी-चष्म्यासह की उघड्या डोळ्यांनी काम केलं याचा हिशेब मांडला. १९८८ मध्ये निष्कर्ष छापला गेला: डोळ्यावर आलेल्या अतिनील किरणांची बेरीज दुप्पट झाली की एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. वडसाचा संबंधही याच लोकांत दिसला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मिनास कोरोनिओ यांनी ते नाकाच्या बाजूनेच का येतं याचं उत्तर दिलं. कानशिलाकडून तिरपा आलेला प्रकाश बुबुळाच्या फुगीर पृष्ठभागातून वाकतो आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. आबांचा डावा-उजवा सूर्य मला हे वाचताना आठवला.

काचाही आल्या, पण त्या दुसऱ्यांसाठी केलेल्या. विल्यम क्रुक्सने १९१४ च्या सुमाराला किरण अडवणारी काच केली ती काचकारखान्यातल्या भट्टीवरच्या मजुरांसाठी. १९३७ ला बाजारात आलेला हिरवा चष्मा वैमानिकांचा. एडविन लँडचं पोलरॉइड मात्र पाण्यावर अगदी नेमकं लागू पडतं, कारण पाण्यावरून परतणारी तिरीप आडव्या दिशेने ध्रुवीकृत असते आणि ही काच तेवढीच गाळते. ती लावून होडीच्या कडेवरून खाली पाहिलं की चकाकी जाऊन पाण्यातलं जाळं दिसतं.

हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी गेलो की मी तरुण खलाशांशी याच विषयावर बोलतो. रस्त्यावरची नुसती काळी काच घेऊ नका, अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडवले नाहीत तर जास्तच आत जातात. 'यूव्ही ४००' असं लिहिलेली, कानशिलापर्यंत वळलेली, करड्या रंगाची काच घ्या, म्हणजे बोयांचा तांबडा-हिरवा ओळखू येतो. दोरी लावा. वर काठाची टोपी. एका तांडेलाची तक्रार रास्त होती: पोलरॉइडमधून जीपीएसचा आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा काळा दिसतो. मान तिरकी केली की दिसतो, पण लाटेत ते कुणाला जमणार? त्याला मी साधी, पोलरॉइड नसलेली यूव्ही काच घ्यायला सांगितलं. पोलरॉइडचा जोड जाळं ओढणाऱ्याला द्यायचा, सुकाणूवर साधा. आता त्याच्या बोटीवर दोन्ही आहेत आणि गोड्या पाण्याची एक बाटली फक्त डोळे धुवायला वेगळी ठेवलेली आहे.