योग्यानुपलब्धि आणि स्त्रियांचें परस्परप्रेम : कांहीं कादंबऱ्यांच्या निमित्तानें

गतकालांतील स्त्रियांच्या परस्परप्रेमाचें चित्रण करणाऱ्या कथा-कादंबऱ्या व त्यांवरून निघालेले चित्रपट यांची प्रस्तुत लेखकास बरीच गोडी आहे. संशोधकांच्या त्रैमासिकांत हा विषय यावा काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. परंतु या कृतींनीं साधनसंग्राहकांपुढें जो प्रश्न टाकिला आहे, तो आपल्या नित्याच्या कामाचा आहे. म्हणून हें टिपण.

मराठींत या विषयास हात घालणारी ठळक कृति म्हणजे विजय तेंडुलकर यांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक. तेंडुलकरांच्याच 'मित्रा' या कथेवरून तें तयार झालें व १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. नायिका सुमित्रा देव हिची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनीं केली. सुमित्रेची हकीकत निवेदन करितो तो तिचा मित्र बापू. म्हणजे मूळ व्यक्तीचा कागद नाहीं, जवळच्या माणसाची जबानी मात्र आहे. याच कथेच्या आधारें रवि जाधव यांनीं 'मित्रा' हा लघुपट काढिला. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपटाचा मान मिळाला, व २०१५ सालीं 'बायोस्कोप' या चित्रपटाच्या चार भागांपैकीं एक म्हणून तो प्रदर्शित झाला.

लघुपटाचा काल स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमाराचा आहे. परभणी जिल्ह्यांतील प्रेक्षकास येथें एक गोष्ट सहज स्मरते. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्याची मुक्तता १७ सप्टेंबर १९४८ रोजीं झाली. समलिंगी प्रेम करणाऱ्यांस तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत थांबावें लागलें; त्या दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें दंडसंहितेचें ३७७ वें कलम प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरतें रद्द केलें. मुक्ततेची एकच तिथि सर्वांस लागू पडत नाहीं, हें आमच्या भागास निराळें सांगावयास नको.

आतां मुख्य आक्षेप. 'जुन्या कागदांत असें प्रेम आढळत नाहीं. सबब तें नव्हतेंच', असें विद्वान् मंडळीही म्हणतात. या प्रकारच्या अनुमानाचा विचार भाट्ट मीमांसकांनीं पूर्वींच केला आहे. अनुपलब्धि हें प्रमाण त्यांनीं मानिलें, पण तिला योग्यतेची अट घातली. पदार्थ असता तर दिसलाच असता, अशी सर्व सामग्री असूनही तो न दिसला, तरच त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें ठरत नाहीं. आपले रुमाल म्हणजे बहुतेक वतन, महसूल, कर्ज व तंटे यांचे कागद. त्यांत दोन मैत्रिणींचें अंतःकरण उमटावें कोठून?

या अटीचें उत्तम उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. यॉर्कशायरांतील शिब्डेन हॉलची मालकीण ॲन लिस्टर (१७९१-१८४०) हिनें २६ खंडांची, सुमारें ५० लक्ष शब्दांची रोजनिशी लिहिली. तिचा सुमारें सहावा हिस्सा ग्रीक अक्षरें व बीजगणिताचीं चिन्हें मिळून केलेल्या सांकेतिक लिपींत आहे. जमीन, खाणी, हवापाणी हें उघड भागांत; स्त्रियांवरील प्रेम सांकेतिक भागांत. १८९० नंतर जॉन लिस्टर व आर्थर बरेल यांनीं ती लिपि उलगडली, तेव्हां बरेलनें सर्व खंड जाळण्याचा सल्ला दिला. जॉननें तो न मानतां ते भिंतीच्या लाकडी फळ्यांमागें दडविले. हेलेना व्हिटब्रेड यांनीं १९८८ सालीं निवडक भाग प्रसिद्ध केला, आणि २०१९ सालीं या रोजनिशीच्या आधारें 'जेंटलमन जॅक' ही दूरचित्रवाणी-मालिका निघाली. बरेलचें ऐकलें असतें, तर 'तसें कांहीं नव्हतें' हेंच आज सप्रमाण म्हणून सांगितलें गेलें असतें.

या प्रांतांतील प्रमुख कादंबरीकर्त्री सारा वॉटर्स यांनीं आधीं अशाच ऐतिहासिक कथावाङ्मयावर प्रबंध लिहिला व मग कादंबऱ्या रचिल्या. त्यांच्या 'फिंगरस्मिथ' (२००२) या कादंबरींतील जुलमी मामा हा ग्रंथसंग्राहकच आहे, हें आम्हां मंडळींनीं ध्यानांत घ्यावें. अश्लील ग्रंथांच्या सूचीसाठीं तो भाचीला राबवितो; घर सोडतांना ती वस्तऱ्यानें त्याचे ग्रंथ कापते. पार्क चान-वूक यांनीं २०१६ सालीं 'द हँडमेडन' या चित्रपटांत ही कथा जपानी अमलाखालील कोरियांत नेली. तेथें ग्रंथांच्या नाशास दासी आरंभ करिते व मग मालकीण तिला साथ देते. एकटीचें कृत्य दोघींचें झालें. रूपांतर मुळाहून उणें ठरत नाहीं, तें यामुळें.

कादंबरी हें साधन नव्हे. बखरीस जी कसोटी आपण लावितों, तीच, किंबहुना अधिक कडक, कसोटी तिला लाविली पाहिजे. 'मित्रा'वरून १९४७ सालचें समाजचित्र सिद्ध करूं पाहणें व्यर्थ होय. परंतु कागद नाहीं ती जागा रिकामीच होती असें नाहीं, इतकें या कृति शिकवितात. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड येथील जुन्या वाड्यांतून रुमाल हातीं येतील, तेव्हां मोडी वा उर्दू लिपींतील बायकांचीं पत्रें 'घरगुती' म्हणून वेगळीं टाकूं नयेत. त्यांतून नसता अर्थ ओढूनही काढूं नये. पत्र कोणी कोणास लिहिलें, कोणत्या तिथीस, व तें कोणत्या रुमालांत सांपडलें, एवढी नोंद सूचींत अवश्य करावी. अर्थ लावणारे पुढें येतील; त्यांच्यासाठीं कागद शिल्लक राहिला पाहिजे.