१ जुलै : एक तारीख, दोन गोष्टी

आज १ जुलै, कृषी दिन. १९१३ साली याच तारखेला पुसद तालुक्यातल्या गहुलीत वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, ७२ च्या दुष्काळात हाताला काम देणारी रोजगार हमी, हे सारं त्याच काळातलं.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९९८ च्या १ जुलैलाच अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. तसा इंग्रजांच्या काळीही वाशिम जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात गेला. म्हणजे ९३ वर्षांनी परत भेटला. रिसोड-मानोऱ्याच्या माणसाची जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची चक्कर वाचली.

पण ही तारीख पडते ऐन हंगामात. कोणाचं सोयाबीन उगवलं, कोणाची डवरणी, कोणावर दुबार पेरणीची पाळी. हॉलमधे फोटोला हार घालायला शेतकरी कुठून येईल? जिल्हा जवळ आला, आता कृषी दिनही बांधावर यायला पाह्यजे. हाराच्या आधी उगवण पाहा, ज्याचं बियाणं उगवलंच नाही त्याचा पंचनामा करा. दोन्ही गोष्टींचा मान त्यातच हाय.

तुमच्या शिवारात पेरणी कुठवर आली?