फसलेल्याची साक्ष

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाविषयी वर्गात बोलू लागलो की विद्यार्थी हसू लागतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. लखोबा लोखंडे हे नाव आजच्या पिढीलाही ठाऊक असते. दोन वर्षांपूर्वी मात्र शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी हसला नाही. तास संपल्यावर तो दाराशी थांबला. त्याच्या थोरल्या भावाचे लग्न एका मध्यस्थामार्फत जमले होते. दीड लाख रुपये दिले, देवळात हार घातले गेले आणि आठवड्याभरात नवरी अंगावरच्या दागिन्यांसह निघून गेली. "सर, पैशाचं काय, येतील परत," तो म्हणाला, "पण दादा पारावर गेला की लोकं हसतेत. म्हणून पोलिसात गेलोच नाही आम्ही."

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. सोबतीच्या, संसाराच्या ओढीतून झालेल्या फसवणुकीच्या अनेक कथा आपल्या इतिहासात आणि वाङ्मयात आहेत. त्यांत फसवणाऱ्याचे नाव अजरामर झाले. फसलेल्याचे काय झाले?

या कथांचा प्रारंभ आपल्याकडे पानिपतापासून करावा लागेल. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणांगणात पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या. त्या पुण्याला परतल्या, पण पतीचा मृत्यू त्यांनी कधीच मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हेही धारण केली नाहीत. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे ही प्रतीक्षा बावीस वर्षांची होती. याच काळात उत्तरेत भाऊसाहेबांसारखा दिसणारा एक माणूस 'मीच भाऊ' म्हणून प्रकट झाला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण पकडला गेला, त्याची चौकशी झाली, त्याला कैदेत टाकले गेले. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला बंधमुक्त करून भाऊसाहेब म्हणून उभे केले. पाहता पाहता कोकणचा मोठा मुलूख त्याच्यामागे गेला. अखेर रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

तोतयाच्या बंडाचे राजकारण इतिहासकारांनी पुष्कळ तपासले आहे. न. चिं. केळकरांनी या विषयावर नाटकही लिहिले. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की तोतयाने भाऊंविषयीची ओढ निर्माण केली नव्हती. ती आधीच होती. ज्यांची माणसे पानिपताहून परतली नाहीत आणि ज्यांना देहही पाहायला मिळाला नाही, अशा असंख्य घरांत दार उघडेच राहिले होते. तोतया त्या उघड्या दारातून आत आला. फसवणुकीच्या इतिहासातले हे पहिले सूत्र मानावे. भामटा नवी इच्छा पेरत नाही, तो रिकामी जागा हेरतो.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने या प्रकाराची व्याख्या केली. कलम ४१६ हे तोतयेगिरीने केलेल्या ठकवणुकीचे कलम. त्यातले एक उदाहरण असे, की मृत झालेल्या 'ब'चे सोंग 'अ'ने घेतले तर तो तोतयेगिरीचा गुन्हा होतो. वाचताना पानिपतच आठवते. त्याच कलमाचे स्पष्टीकरण त्याहून दूरदर्शी आहे. जिचे सोंग घेतले ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा तोच. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम ३१९ मध्ये हे स्पष्टीकरण कायम राहिले. ज्या काळात छायाचित्रदेखील दुर्मीळ होते त्या काळातले हे वाक्य आज मोबाईलवरच्या खोट्या खात्यांना जसेच्या तसे लागू पडते!

रंगभूमीवर या व्यवहारातला मध्यस्थ आणला तो गोविंद बल्लाळ देवल यांनी. १८९९ मध्ये रंगमंचावर आलेले 'संगीत शारदा' आपण जरठ-बालाविवाहाचे नाटक म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातील भद्रेश्वर दीक्षित हे पात्र वेगळे काढून पाहावे. भुजंगनाथाची उतारवयातली लग्नेच्छा आणि कांचनभटाची धनलालसा या दोहोंच्या मध्ये हा दलाल उभा आहे. एकाला तो तारुण्याचा भास विकतो, दुसऱ्याला पैशाचा. त्याला स्वतःला कोणाशी लग्न करायचे नाही. दोन्हीकडची गरज तो नेमकी ओळखतो, इतकेच. भद्रेश्वर मराठवाड्यात आजही हिंडतो आहे. त्याचे उपरणे तेवढे गेले.

त्यानंतर येतो लखोबा. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या प्रकरणावरून अत्र्यांना हे नाटक सुचले. मो. ग. रांगणेकरांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका ही त्याची वैशिष्ट्ये आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. पण ती पाच सोंगे कोणती आहेत? निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, दिवाकर दातार, दाजीशास्त्री दातार, कॅप्टन अशोक परांजपे आणि राधेश्याम महाराज. व्यापार, विद्वत्ता, लष्करी हुद्दा आणि अध्यात्म! स्वातंत्र्योत्तर मध्यमवर्ग ज्या ज्या वेषापुढे नम्र होत असे, त्यांची ही जणू यादीच आहे. उपवर मुलीच्या बापाने जावयात जे पाहावे असे समाजाने ठरवले होते, तेच लखोबाने अंगावर चढवले. त्याने फसवले हे खरे, पण त्या वेषांना किंमत आपण दिली होती.

या नाटकाची रचना आहे खटल्याची. पिंजऱ्यातला लखोबा स्वतःच स्वतःचा बचाव करतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. येथे एक विलक्षण विषमता आहे. आरोपीला एक वाक्य पुरते, नाटकाचे शीर्षकच ते. फसलेल्या स्त्रीला मात्र स्थळ कसे आले, विश्वास का ठेवला, त्याने काय सांगितले, आपण काय मानले हे सारे भर न्यायालयात उलगडावे लागते. तिच्या साक्षीतला प्रत्येक तपशील तिच्याच भोळेपणाचा पुरावा ठरत जातो. आणि प्रेक्षागृहात टाळी कोणाला पडते? पणशीकरांच्या अभिनयाला ती पडावी यात वावगे नाही. त्या महान नटाने आपल्या आत्मचरित्राचे नाव 'तोच मी' असे ठेवले, याची मौज वाटते. पण साठ वर्षांनंतर त्या नाटकातील किती स्त्रियांची नावे आपल्याला न अडखळता सांगता येतील? मला वर्गात ती सांगता आली नाहीत, हे कबूल करतो.

आता आपल्या भागाकडे वळू. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत आज तिशी उलटलेले अविवाहित शेतकरी तरुण घरोघरी आहेत. त्याची कारणे उघड आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ८०७. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, सोयाबीनचा भाव आणि पाऊस दोन्ही बेभरवशाचे झाले. स्वतः शेतकरी असलेला बापही मुलीसाठी पुण्यातला नोकरदारच शोधतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वृत्तपत्रांनी तो गमतीदार बातमी म्हणून छापला. मला त्यात पानिपतानंतरची उघडी दारे दिसली.

या दारातून बनावट नवरी आत येते. व्यवहार ठरलेला असतो. मध्यस्थ दूरच्या गावची 'गरीब घरची' मुलगी सुचवतो. घाई असते, चौकशीला वेळ नसतो, एक-दोन लाख रोख मोजले जातात. लग्न देवळात किंवा नोटरीच्या कागदावर लागते आणि थोड्याच दिवसांत नवरी नाहीशी होते. तक्रार करावी तर आपणच पैसे मोजून सून आणली हे आधी सांगावे लागते. एकेकाळी बहुजन समाजात मुलीच्या बापाला देज देण्याची रीत होती, पुढे हुंड्याने तिची जागा घेतली. मुली कमी झाल्यावर देज परतला, पण तो आता बापाकडे न जाता दलालाकडे जातो. पळालेल्या नवरीच्या पदरातही त्यातले किती पडत असेल याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

शहरातला प्रकार वेषाने निराळा आहे. फेसबुकवर किंवा विवाहस्थळाच्या संकेतस्थळावर परदेशस्थ डॉक्टर वा लष्करी अधिकारी भेटतो. रोज सकाळी विचारपूस होते. अनेक वर्षे "जेवलात का" असेही कोणी न विचारलेल्या माणसाला ही विचारपूस किती मोलाची वाटते, हे हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मग भेटवस्तूंचे पार्सल येते, ते सीमाशुल्क विभागात अडकल्याचा फोन येतो आणि हप्त्याहप्त्याने पैसे जातात. छायाचित्र दुसऱ्याच कोणा सज्जनाचे असते. त्याला गाठले तर तोही "तो मी नव्हेच" असेच म्हणेल, आणि ते सत्य असेल! पडद्यामागचा लखोबाही कधीकधी कैदीच असतो. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना अशा ऑनलाइन ठकवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपले गेले असावे, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा ऑगस्ट २०२३ मधील अंदाज आहे. नोकरीच्या आमिषाने नेलेली भारतीय मुलेही तेथून सोडवून आणावी लागली.

कायदा आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे लवकर तक्रार झाली तर पैसे पुढे जाण्याआधी खात्यात रोखता येण्याची शक्यता असते. म्हणजे वेळेला किंमत आहे, आणि हीच वेळ लाजेत जाते. पारावरचे हसू निरुपद्रवी नसते. ते फसलेल्याच्या तोंडावर हात ठेवते आणि भामट्याला पुढच्या गावी जायला अवधी देते.

आम्ही साहित्याचे शिक्षक यात फार काही करू शकणार नाही. पण नाटक कोणाच्या बाजूने वाचायचे, हे तरी आमच्या हाती आहे. यंदा 'तो मी नव्हेच'ची सुरुवात मी लखोबाच्या सोंगांपासून केली नाही. आधी साक्षीदार स्त्रियांची भाषणे मुलींकडून आणि मुलांकडूनही मोठ्याने वाचून घेतली. वर्ग शांत होता. तो जुना विद्यार्थी आता एका शाळेवर शिकवतो. त्याला हे फोनवर सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, दादाला घेऊन येऊ का एकदा?"