पांढऱ्या पिटुनियाचं कोडं

फुलं आणखी गडद जांभळी व्हावीत म्हणून कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका कंपनीत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी पिटुनियात रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली. झालं उलटंच. ४२ टक्के रोपांवर पांढरी किंवा पांढऱ्या-जांभळ्या नक्षीची फुलं आली. नवं जनुक मुकं झालंच, झाडाचं स्वतःचं जनुकही गप्प बसलं. १९९० साली हे छापून आलं, पण कारण कुणालाच सांगता येईना.

असाच चकवा पुढे एका कृमीतही दिसला. १९९५ साली कॉर्नेल विद्यापीठात सू ग्वो आणि केनेथ केम्फ्यूस सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटरच्या कृमीवर काम करत होते. पार-१ या जनुकाचा संदेश अडवायला त्यांनी त्या संदेशाला चिकटेल असा उलट्या क्रमाचा आरएनए टोचला. तो लागू पडला. मात्र निव्वळ तुलनेसाठी टोचलेला सरळ क्रमाचा आरएनएही तितकाच लागू पडला! त्याचा काही परिणाम व्हायलाच नको होता. कुठंतरी पाणी मुरत होतं. दोघांनी ही विसंगती झाकली नाही, जशीच्या तशी छापली. या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम बहुधा हेच.

अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या संशोधकांना संशय आला तो भेसळीचा. प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएत दुपदरी रेणू थोडेफार मिसळलेले असतातच. त्यांनी अन्क-२२ हे स्नायूंचं जनुक निवडलं; ते मंदावलं की कृमी सतत थरथरतो. शुद्ध केलेला एकेरी आरएनए, सरळ असो वा उलटा, जवळपास निष्प्रभ ठरला. दुपदरी टोचताच पिल्लं थरथरू लागली. पेशीमागे मोजके रेणूही पुरले. १९९८ सालच्या या शोधाला २००६ साली नोबेल मिळालं. पिटुनियाच्या कोड्याचं उत्तरही याच वाटेने सापडलं.

त्याच १९९८ च्या डिसेंबरात या कृमीचा जनुकीय आराखडा जाहीर झाला होता. सुमारे १९ हजार जनुकं हाताशी, पण बहुतेकांचं काम अज्ञात. ते कळायला एकेक जनुक गप्प करून पाहायचं होतं, आणि त्यासाठी आता सुईही नको झाली. दुपदरी आरएनए बनवणारे जिवाणू कृमीला खाऊ घातले की काम भागायचं. २००३ साली केंब्रिजमध्ये ज्युली अ‍ॅरिंजर यांच्या गटाने असे १६,७५७ जिवाणू-वाण वापरून एकेक जनुक गप्प केलं आणि १,७२२ जनुकांचे परिणाम नोंदवले.

सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र लांब दुपदरी आरएनए दिसताच विषाणू आल्यासारख्या बिथरतात. थॉमस टुशल यांच्या गटाने २००१ साली दुपदरी आरएनएचे २१ अक्षरांचे तुकडे वापरून ती अडचण सोडवली. हे तुकडे कधीकधी भलत्याच जनुकालाही गप्प करतात. म्हणून एकाच जनुकावर दोन वेगळे तुकडे वापरून निकाल ताडून पाहावा लागतो.