किनारा कोणाचा? मालवण आणि वेळास येथील दोन प्रयोग

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सागरी जीवांचे रक्षण आणि पर्यटन यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत दोन भिन्न मार्ग आढळतात. त्यांचे फलित समजून घेण्यासाठी निसर्गसौंदर्यापेक्षा निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता, हेच प्रथम पाहिले पाहिजे.

पहिला मार्ग शासकीय अधिसूचनेचा होय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील प्रवाळ संरक्षणास पात्र होते यात शंका नाही. परंतु ज्या पाण्यावर मच्छीमारांची उपजीविका चालत होती, त्याच पाण्यावर निर्बंधांची छाया पडली. परिणामी स्थानिकांचा विरोध दीर्घकाळ टिकला. पुढे मालवण-तारकर्ली परिसरात सागरी पर्यटन भरभराटीस आले. तथापि ते अभयारण्यावरील लोकसंमतीचे गमक मानता येत नाही.

दुसरा मार्ग मंडणगड तालुक्यातील वेळासचा. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासास परिचित असलेल्या या गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे कार्य आरंभिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असूनही कोकणात कासवाची अंडी काढून नेण्याची रीत चालूच होती. ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवण्यात येऊ लागली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरत असल्यामुळे पिलांचे समुद्राकडे जाणे हे गावाच्याही प्राप्तीचे साधन झाले. कायद्याला जे साधले नव्हते, ते अशा रीतीने सहभागाने पुष्कळ अंशी साधले.

मात्र प्राप्तीची वाटणी हा प्रश्न येथेही सुटलेला नाही. पाहुण्यांना देण्यास ज्याच्या घरी खोली आहे, त्यास लाभ सुलभ. ज्याच्यापाशी केवळ होडी आणि जाळे आहे, त्यास तो दुर्लभ. या दृष्टीने वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतील प्रयोग उल्लेखनीय ठरतो. तेथे २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. त्यांचे भांडवल घर वा जमीन नसून खाडीचे ज्ञान हेच होते.

या उदाहरणांवरून इतके म्हणता येते की, किनारा राखण्याचा भार ज्यांनी वाहिला, त्यांना त्याच्या प्राप्तीत आणि निर्णयात वाटा मिळाला तरच असे पर्यटन टिकाऊ ठरते. एरवी प्रवाळाचे वा कासवाचे रक्षण हे गावाच्या दृष्टीने परक्याचेच काम राहते.